देवाआधी मशीनला कसं देऊ?

सन्माननीय अध्यक्ष लटारूभाऊ, मंचावरच्या आपल्या बचतगटाच्या प्रमुख सुकरीबाई, ज्यांच्या निरोपासाठी हा मांडव घातला त्या दिव्यानी मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या गाववाल्यांनो, सर्वांना जोहार!

मी रोशन. सातवीत शाळा सोडली, आता हैदराबादकडे बाटल्यांच्या कंपनीत आहे. सुट्टीवर आलोय. एका जागी बसणं मला जमत नाही, म्हणूनच भाऊंनी मला उभं केलं असावं.

मॅडमनी गटासाठी सुकी मोहफुलं निवडायचं मशीन बसवलं. कॅमेरा प्रत्येक फूल नमुन्याच्या रंगाशी ताडून पाहतो, जुळलं नाही की हवेच्या फुंकरीनं उडवतो. मॅडमचे वरचे साहेब ते पाहायला येणार होते. मशीन चाललं नाही तर ते उचलून दुसऱ्या गावाला देणार, हे ठरलेलं. आणि त्या सकाळी काय झालं? आपली सोन्यासारखी फुलं सगळी उडाली! ठेवलं काय? बकरीची एक लेंडी!

भाऊ म्हणाले, "मॅडम, आता लेंड्याच इका!" हसू नका, अध्यक्ष आहेत ते.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. सुकरीबाई जवळ गेल्या.

"काऊन रडून राह्यली, पोरी? मशीनले फूल कोन्तं दाखवलं होतं?"

"तुम्हीच दिलेलं, बाई."

"अवो, ते तं मागच्या सालचं! नव्या मोहाची पूजा झाली नोती तवा. देवाच्या आधी मशीनले कसं देऊ?"

वर्षभर डब्यात लेंडीसारखं काळं पडलेलं फूल! मॅडम जे हसत सुटल्या! पूजा तर आता झाली होती. मी अंगणातून नवी फुलं आणायला पळालो, अर्धी वाटेतच सांडली. तेवढ्यात मॅडमना प्रोग्राममधली दुसरी चूकही सापडली. तो हुबेहूब तोच रंग मागत होता. एका झाडाची दोन फुलं तरी सारखी असतात का? त्यांनी ओंजळभर नवे नमुने दाखवले आणि लिहून टाकलं, इतका फरक चालेल.

साहेब आले तेव्हा मशीन फुलं ठेवत होतं, काड्या उडवत होतं. ते इथंच राहिलं. आज राहत नाहीत त्या फक्त मॅडम.

त्या पुण्याच्या. जेवण वेगळं, बोलणं वेगळं. काल सुकरीबाई म्हणाल्या, "थोडा फरक हाये, पन चालते. आपलीच पोरगी हाये."

मॅडम, पुढच्या मोहाला या. पूजा आधी, मशीन मग. मंडळी, ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही इकडचं तिकडं झालं असेल, तर फुंकर मारून उडवू नका. माझाही थोडा फरक चालवून घ्या.