वत्सलाने वाटलेल्या बाटल्या

शाळा सुटली की वत्सला आणि मी या समोरच्या जिन्यात बसायचो. ती माझी वेणी घालायची आणि आमच्या सिस्टरसारखं नाकातून इंग्रजी बोलून मला हसवायची. मी हलले की म्हणायची, "हलू नकोस गं, भांग वाकडा होईल." मंडळी, आज तिच्यासाठी तुम्ही सगळे चौकात जमलात. मला कितपत बोलता येईल, ठाऊक नाही. पण बोलायलाच हवं.

गणपतीला पाहुणे येणार म्हणून दरवर्षी ती अख्ख्या चाळीच्या खाटा गॅलरीत काढायला लावायची. सांध्यांत उकळतं पाणी, वर रॉकेल. यंदा तिच्या धाकट्या दिरांनी, वसंतरावांनी, द्राक्षबागेवर फवारायचं औषध आणलं. वत्सलाने ते रॉकेलमध्ये कालवलं. कशाने? हाताने. भज्यांचं पीठ कालवावं तसं. नेसलेलं पातळ पार भिजलं. वर मला म्हणते, "लसणीचा वास येतोय गं. ढेकूण फोडणी समजून येतील."

त्याच दुपारी नाक्यावर पोलिसांनी मोर्चा अडवला, अश्रुधूर सुटला. वत्सलाच्या डोळ्यांना धार लागली. लाळ गळू लागली. आपल्याला काय वाटलं? अश्रुधूर. वर्षभरात आपण त्यात तरबेज झालो होतो ना. ओले रुमाल आणले, डोळे धुतले, वारा घातला. अंगावरचं भिजलेलं पातळ मात्र कुणी सोडवलं नाही. साबणाने अंग कुणी धुतलं नाही. औषध कातडीतून आत जातच राहिलं.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या. ते म्हणाले, "बाई, हे अश्रुधुराचं नाही."

मग त्यांनी मला समजावलं. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो, तो एका रसायनातून. निरोप पोचला की शरीर तो लगेच पुसतं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवतं. मग एकच निरोप, पुन्हा पुन्हा. हल, हल, हल. शेवटी दमलेले स्नायू कुणाचंच ऐकत नाहीत. छातीचेसुद्धा. इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता.

तिची पापणी फडफडत होती. मला वाटलं, वत्सू मला खुणावते आहे. मी "हो गं, हो गं" म्हणत राहिले.

वसंतराव, मान वर करा. औषध सुटं मिळालं, सोबत कुणी चार शब्द सांगितले नाहीत. तुम्ही वहिनीला मारलेलं नाही.

आता तिच्या वस्तूंचं. मोत्याच्या कुड्या लेकीला. हिरवा शालू सुनेला. शिवणाचं मशीन दुसऱ्या मजल्यावरच्या इंदूला, तसं वत्सलाने तिला कबूल केलं होतं. आणि खाटांना लावायला म्हणून त्या सकाळी तिने घरोघरी भरून दिलेल्या त्याच औषधाच्या बाटल्या डॉक्टरांना. मोरीत ओतू नका. उघडू नका. जाड फडक्यात गुंडाळून आणा. ते इथेच उभे आहेत, म्युनिसिपालिटीच्या ताब्यात देतील.

आधी उभे राहू या. क्षणभर कुणी काही बोलू नका.

मग वर जा. शेवटची बाटली खाली येईपर्यंत मी इथून हलणार नाही.