गाडी आल्याची शिट्टी

वॉर्डाबाहेरच्या बाकावर शिवणवाल्या मावशी प्लास्टरमधला हात सांभाळत बसल्या होत्या. शेजारी रूळ दुरुस्त करताना पाय गमावलेल्या मजुराची बायको आणि त्याचा मुकादम बोलत होते.

“वहिनी, चौकशीत त्याने एवढंच म्हणायचं, शिट्टी वाजली, माझंच लक्ष नव्हतं.”

“शिट्टी वाजवणारा कुठे होता?”

“तिथेच.”

“त्याला तुम्ही साहेबांचं कपाट उचलायला पाठवलं होतं, भाऊजी. मग गाडी आली हे यांना सांगणार कोण?”

“हळू बोला. साहेब बघतील काहीतरी.”

“कामावर पाय गेलाय. भरपाई हक्काची आहे, मेहेरबानी नको.”

“सिद्ध कसं करणार?”

“शिट्टीवालाच आत यांच्या खाटेपाशी बसलाय. चौकशीवाले आलेत, त्यांना सगळं सांगतोय.”

मुकादम ताडकन उठून दाराकडे निघाला. मावशींनी धडधाकट हात आडवा घातला.

“बसा खाली. त्याचं बोलून होऊ दे.”