फांदी चोरलीच आहे, असे लिहावे

जबाब देणारी: ज्या झाडाची फांदी गेली त्या झाडाची मालकीण. वय ५६ वर्षे. धंदा: घरी शिवणकाम, पडदे व उशांचे अभ्रे. राहणार: तिसरा मजला, जिन्याला लागून डाव्या हाताचा फ्लॅट.

कोणी न बोलावता ठाण्यात येऊन मी साहेबांसमोर सांगते की, मी वरील ठिकाणी पतीसह राहण्यास असून आज रोजी दुपारी माझ्या दारासमोरील जिन्याच्या चौकातून शोभेच्या झाडाची एक फांदी एका अनोळखी महिलेने संमतीशिवाय कापून

इथे मी लिहून घेणाऱ्या हवालदारांना थांबवलं. एक तर ती अनोळखी नाही, माझी धाकटी जाऊ आहे. आणि दुसरं, मी जन्मात कधी "राहण्यास असून" म्हटलेलं नाही. हवालदार म्हणाले, मग तुमच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितो, पुढे मला बोल लावू नका. नाही लावणार. तर लिहा.

धाकटी म्हणजे आमच्या यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची बायको. ती आत्ता इथेच बाकावर बसली आहे, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. आम्ही दोघी एका घरात अठरा वर्षं नांदलो आणि गेली सहा वर्षं एकमेकींशी बोलत नाही. कारण विचाराल तर, वेगळं राहू या असं आधी ती म्हणाली. ती म्हणते, मी म्हणाले. भाऊ भाऊ रोज फोनवर गप्पा मारतात, आम्हा बायकांच्या तोंडाला मात्र कुलूप. मला या अबोल्याचा कंटाळा आला होता. कंटाळा खोडा. मला तिची आठवण यायची, असं लिहा.

झाड आमच्या सासूबाईंचं. मोठ्या पानांचं, पानाला चिरा आणि भोकं असलेलं. दुकानात त्याला मॉन्स्टेरा म्हणतात, आमच्या घरात फाटकी म्हणतात. सासूबाईंचं ठाम मत होतं की फाटकीची फांदी मागून आणली तर लागत नाही, कुणी दिली तर मुळीच नाही, चोरून आणली तरच जगते. मालकाने पाहिलं तरी पाहिलं नाही म्हणायचं आणि चोराने आभार मानायचे नाहीत. खरं-खोटं देव जाणे, पण आमच्याकडे कुणी हा नियम मोडलेला नाही. घर वेगळं झालं तेव्हा मोठी कुंडी माझ्याकडे आली आणि धाकटीने जाता जाता एक फांदी चोरली. तिचं झाड छान वाढलं होतं, असं ऐकून होते.

गेल्या महिन्यात ती माहेरी गेली आणि मागे दिरांनी तिचं झाड सांभाळलं. सांभाळलं म्हणजे रोज सकाळी मोठ्या प्रेमाने तांब्याभर पाणी ओतलं. अहो, फाटकीला कुणी रोज पाणी घालतं का? बोट निम्मं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तर घालायचं, नाहीतर हाताची घडी घालून बसायचं. मुळं कुजली, खोड काळं पडलं, पानं पिवळी होऊन गळाली. धाकटी परत आली ती बघते तर कुंडीत नुसता चिखल. दोन वेळा जेवली नाही, असं दिरांनीच यांना फोनवर सांगितलं. हे ऐकून मलाही घास जाईना.

आता मी काय करायचं? मी फांदी पाठवली असती तर तिने दारातूनच परत पाठवली असती. आणि समजा ठेवून घेतली असती, तरी ती दिलेली फांदी, लागली नसती. इकडे आड, तिकडे विहीर. मग मी डाव टाकला. यांच्या मदतीने कुंडी घरातून ओढत बाहेर जिन्याच्या चौकात, खिडकीशी नेली. तिथे उजेड भरपूर आणि ऊन थेट येत नाही, फाटकीला तसंच लागतं, असं मी शेजारीपाजारी सांगितलं. ते खरंही आहे. पण बाजूच्या खिळ्याला मी माझी शिवणाची कात्री टांगली होती. शिवणकाम करणारी बाई आपल्या कात्रीला कुणाला हात लावू देत नाही, यावरून काय ते समजा.

यांना म्हटलं, भावाला सहज बोलता बोलता सांगा की झाड हल्ली जिन्यात असतं. यांना सहज बोलता येत नाही. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "झाड जिन्यात आहे, कात्रीपण आहे, दुपारी ही झोपलेली असते." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवसापासून मी दुपारची एकदाही झोपले नाही. दाराच्या भोकाला डोळा लावून उभी राहायची. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दोन फांद्या घेऊन गेल्या, अगदी राजरोस. त्यांच्या बाबतीत मी नियमाप्रमाणे काही पाहिलेलं नाही.

आज ती आली. जिना चढताना धाप लागली होती, तरी चपला हातात घेतलेल्या, आवाज नको म्हणून. मला आनंदाच्या अशा उकळ्या फुटायला लागल्या की आवाज बाहेर पडू नये म्हणून हातात शिवायला घेतलेला पडदा मी तोंडात कोंबला. पडदा गिऱ्हाइकाचा आहे. तिने आधी मातीत बोट घालून पाहिलं. मग पिशवीतून ओला रुमाल काढून पान न् पान पुसलं, वरून आणि खालून. हवेत लोंबणारं एक मूळ हळूच वळवून मातीत खोचलं. कुंडीची अंधारातली बाजू उजेडाकडे फिरवली. आणि झाडाला म्हणाली, "काय दशा केलीय गं तुझी!"

दशा? परवाच पुसलं होतं मी! दार उघडून चांगली खडसावणार होते, पण तोंडात पडदा होता.

मग तिने कात्री घेतली, कापलं, रुमालात गुंडाळलं, पिशवीत घातलं. कात्री पुसून जागेवर टांगली. आणि जायचं सोडून माझ्या दाराकडे बघत उभी राहिली. बेलकडे हात नेला. मी अलीकडे, ती पलीकडे, मध्ये एक फळी. तिने हात खाली घेतला आणि गेली. मला वाटलं होतं वाजवील.

खाली आमचा नवा वॉचमन. तो बिचारा त्याचं काम करत होता, त्याला कुणी काही बोलू नये. त्याने विचारलं, कुठल्या फ्लॅटमध्ये आला होतात? ही म्हणाली, कुठल्याच नाही. इथे कुणाला ओळखता? कुणालाच नाही. आणि पिशवीतून हे एवढं पान बाहेर डोकावतंय! त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरींच्या दोन कुंड्या मागे गायब झाल्या होत्या, त्यातला एक निवडुंग, तेव्हापासून ते चोराच्या शोधातच होते. त्यांना हर्ष झाला आणि त्यांनी तुम्हाला फोन केला. निवडुंग मांजराने पाडला असणार, पण तो माझा विषय नाही. मला कळेपर्यंत तुमची गाडी गेलीसुद्धा. मी एका पायात माझी आणि एका पायात यांची चप्पल घालून धावत आले आहे.

साहेबांनी विचारलं, ही फांदी तुम्ही दिली होती का? मी म्हटलं, हो, मी दिली, सोडा तिला. त्यावर धाकटी बाकावरून ताडकन उठली. "खोटं आहे साहेब! यांनी मला काहीही दिलेलं नाही. मी चोरली आहे. चोरीच लिहा." साहेब म्हणाले, अहो बाई, तुम्ही तुमच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. ती म्हणाली, "पडू दे. दिलेली फांदी लागत नाही." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही मध्ये पडू नका."

ताई म्हणाली. सहा वर्षांनी. मी मागच्या खुर्चीवर मटकन बसले. खुर्चीवर हवालदारांची टोपी होती. ती चेपली, त्याबद्दल दिलगीर आहे.

सबब मी माझं आधीचं बोलणं मागे घेते. मी फांदी दिलेली नाही. चोरी झाली. मी ती डोळ्यांनी पाहिली, म्हणजे नियमाप्रमाणे पाहिली नाही. माझी तक्रार नाही, नव्हती आणि नसेल. साहेब म्हणाले, तक्रार नाही तर चोरी कसली? मी त्यांना सासूबाईंचा नियम पहिल्यापासून समजावून सांगितला. त्यांनी डोकं धरलं आणि चहा मागवला. शेवटी असं ठरलं की फांदी चोरलीच आहे असं लिहावं, आणि कुणाला अटक करू नये. याच वेळी हवालदारांनी खालच्या आवाजात विचारलं की त्यांच्या बायकोसाठी एखादी फांदी मिळेल का. मी म्हटलं, मला कशाला विचारता? मी दुपारी झोपलेली असते.

पंचनाम्यात "हिरवे पान एक, सात ठिकाणी फाटलेले, भोके चार, नुकसान झालेले" असं लिहिलं आहे, ते दुरुस्त करावं. नुकसान काही झालेलं नाही. फाटकीचं कोवळं पान अख्खं येतं, झाड मोठं झालं आणि उजेड नीट मिळाला की मग ते फाटतं. जितकं फाटकं तितकं सुखात आहे म्हणायचं.

ओळख पटवायला ते पान माझ्या हातात दिलं. मी उलटसुलट करून पाहिलं आणि हवालदारांना जवळ बोलावलं. इथून पुढचं मी हवालदारांच्या कानाशी सांगितलं आहे. पानाचा देठ मध्यावर कापलेला आहे. फाटकीची फांदी लावायची तर खोडाचा तुकडा लागतो, त्यावर पेर लागतं, पेरावर डोळा, आणि त्या डोळ्यातून नवं झाड फुटतं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर महिनोन्महिने हिरवं राहील, पण त्याचं झाड होणार नाही. घाईत चुकलं असेल, असं हवालदार म्हणाले. घाई कसली? पान न् पान पुसायला वेळ होता तिला! आणि पेराखाली कापायचं हे मी थोरली असून मला तिनेच शिकवलं. असली चूक तिने आयुष्यात केलेली नाही. हे पान लागणार नाही, परत यावं लागणार, हे कात्री हातात घेतानाच तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी मघाशी गळा काढून सांगत होती, चोरीच लिहा, नाहीतर लागणार नाही. नाटकी कुठली!

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. शेवटचा भाग हळू वाचा, अशी मी विनंती केली होती, पण त्यांना हळू वाचता येत नाही. सगळ्या ठाण्याने ऐकला. बाकावरच्या बाईने पिशवी तोंडावर धरली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून मी उठून पिशवी बाजूला केली. हसत होती. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे आणि ते खरं आहे. खालची सही वेडीवाकडी असली तरी माझीच समजावी, कारण धाकटी शेजारी येऊन बसली आहे आणि सारखी मला कोपराने ढोसते आहे.