सागवानासारखे मुरवलेले माइल्स

चहा घ्या, मग सांगतो. लकडगंजात माझं सागवानाचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लाकूड पाहायला वर्षानुवर्षं विमानानं हिंडलो, आणि फेरीफेरीचे माइल्स, म्हणजे पुढच्या फुकट प्रवासाचे गुण, विमान कंपनीकडच्या खात्यात पडत गेले. बायकोचं मागणं एवढंच, की त्यांच्यावर कॅनडातल्या लेकीकडे जाऊन तीन महिने राहून यावं.

दरवर्षी ती विचारायची, "यंदा जाऊन राहिलो ना जी आपण?"

"थांब वं, अजून जमू दे. मग पुढच्या महागड्या सीटवर पाय लांब करून झोपत जाऊ."

आमच्या धंद्यात घाई करणारा फसतो. सागवान जितकं जुनं, तितकं मोलाचं. मी माइल्सही तसेच मुरत ठेवले.

गेल्या आठवड्यात एकदाचे आम्ही दोघं तिकीटवाल्याकडे गेलो. त्यानं खातं दोनदा उघडून पाहिलं.

"काका, बहुतेक माइल्सची मुदत संपली. उरले त्याच्यात तुमी फक्त दिल्लीपर्यंत जासान."

"मले कोणी सांगितलं काहून नाही?"

"मेल आले असतील ना काका. पाहत नाही का तुमी?"

मी बायकोकडे वळलो. "जाऊ दे वं. दोन-तीन वर्षांत पुन्हा जमवतो."

ती खुर्चीचा हात धरून, कण्हत उठली.

"जमवा जी खुशाल. पण माह्ये गुडघे काही सागवानाचे नाहीत. पैसे भरा अन् आजच तिकिटं काढा."