सात नंबरच्या झाकणातला साबण

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे कमांडंट साहेब, मंचावर बसलेले सगळे अधिकारी साहेब, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे उस्ताद, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, माझ्याबरोबर आज पास होऊन निघालेले माझे भाऊबंद, आणि मागे भिंतीला टेकून बसलेली, परवाच आलेली, नव्या बुटांनी लंगडणारी नवी तुकडी, सगळ्यांना माझा नमस्कार.

सात नंबरच्या इंजिनात साबण मी कोंबला होता.

झालं बोलून. आता घसा मोकळा झाला. कमांडंट साहेब, तुम्ही कपाळाला आठी घातलीत ते मला दिसलं. आणि माझं प्रमाणपत्र अजून त्या टेबलावर, तुमच्या कोपराखाली आहे, तेही दिसतंय. पण आता सुरू केलंय तर पुरतं ऐका, एवढीच विनंती. हेडक्लार्क साहेब, तुम्ही मात्र बसू नका. तुम्ही ते परीक्षेचं रजिस्टर घेऊन या. लागणार आहे.

नव्या तुकडीतले लोक म्हणतील, हा कोण? मला इथे सगळे भानगड म्हणतात. खरं नाव फक्त हजेरीत आहे. शाळेत मी सातवीपर्यंत बाकावर आणि पुढे बाकाखाली शिकलो, त्यामुळे भाषणात काही जड शब्द येणार नाहीत, घाबरू नका. मला सांगितलंय की नव्या पोरांना इथे काय काय वाढून ठेवलंय ते दोन शब्दांत सांग. तर ऐका.

तुम्हाला वाटत असेल, सैन्याची तांत्रिक शाळा, म्हणजे गेल्या गेल्या इंजिन उघडायला मिळेल. हो का? मलाही वाटलं होतं. पहिले पाच आठवडे तुम्हाला एक लोखंडाचा तुकडा मिळेल, साबणाच्या वडीएवढा. माफ करा, साबणाचं नाव पुन्हा निघालं, चोराच्या मनात चांदणं. तो तुकडा कानशीने घासून सपाट करायचा. उस्ताद त्यावर पट्टी ठेवणार, उजेडासमोर धरणार, आणि पट्टीखालून केसाएवढा उजेड दिसला तरी म्हणणार, "छान आहे. परत घास." माझा तुकडा शेवटी इतका लहान झाला की उस्ताद म्हणाले, "आता याची अंगठी कर आणि लग्न कर."

मग अवजारांची पाटी. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे. पाना गेला की आकृती उघडी पडते आणि तो सापडेपर्यंत शेडमधून कुणी हलायचं नाही. जेवण नाही, पाणी नाही. एकदा दहा नंबरचा पाना दोन तास सापडेना. सत्तर माणसं उभी. तो माझ्याच बुटात होता. उस्तादांची गंमत करावी म्हणून ठेवला होता, पण इतक्या रागावलेल्या लोकांसमोर बूट काढायची हिंमत होईना. हेही आज पहिल्यांदाच सांगतोय. बघा, आपले लोक कसे बघतायत माझ्याकडे.

आणि मग फॉल्ट. उस्ताद तुमच्या पाठीमागे इंजिनात मुद्दाम बिघाड करून ठेवणार आणि तुम्ही तो शोधायचा. कुठे तार सैल, कुठे फिल्टरमध्ये चिंधी. तुम्ही घाम गाळणार आणि ते स्टुलावर बसून चहा पिणार. वर म्हणणार, "या शेडमधलं एकही इंजिन मला फसवू शकत नाही." रोज म्हणायचे. तुम्हीच सांगा, माझ्यासारख्याच्या समोर माणसाने असं रोज बोलावं का?

सात नंबरचा जनरेटर त्यांचा लाडका. रोज सकाळी नऊला तो सुरू करायचे आणि त्याच्यावर हात ठेवून शिकवायचे. माझ्या डोक्यात आलं, हा मधेच बंद पडला तर? डिझेलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. त्यातून हवा आत जाते म्हणून डिझेल खाली उतरतं. ते भोक बुजवलं की इंजिन झकास सुरू होतं, पाच-सहा मिनिटं चालतं, आणि मग गुदमरून मरतं. सगळं नीट दिसतं आणि तरी मरतं. गुरुवारी चहाच्या सुट्टीत मी साबणाची गोळी केली आणि भोकात दाबली. शुक्रवारी नऊला उस्तादांची फजिती, सव्वानऊला मी झाकण साफ करणार, असा बेत.

परीक्षा सोमवारी होती. परीक्षक साहेब शुक्रवारी सकाळी साडेसातलाच येऊन उभे राहिले.

आम्ही शेडमध्ये पोचलो तेव्हा सगळ्या इंजिनांवर परीक्षेच्या पट्ट्या बांधलेल्या. हात लावायची सोय नाही. लोखंडी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. माझी पाळी दुसऱ्या फेरीत, म्हणून मी बाकावर. आणि सात नंबरची चिठ्ठी निघाली आजोबांना.

नव्या लोकांसाठी सांगतो. आजोबा म्हणजे आमच्या तुकडीतले सगळ्यात मोठे, वय तेहतीस. आम्ही सगळे विशी-बाविशीतले, म्हणून ते आजोबा. सैन्यात आल्यापासून नऊ वर्षं त्यांनी स्वयंपाकघरात काढली, आंघोळीच्या घंगाळाएवढी पातेली घासत. तांत्रिक काम शिकायची हौस, पण दोनदा नापास. तिसरी संधी शेवटची. नापास झाले की परत पातेली, कायमची. त्यांची लेक तिसरीत आहे. तिच्या शाळेतून फॉर्म आला होता, त्यात वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. आजोबा फोनवर तिला म्हणाले, "तेवढी जागा मोकळी ठेव बाळा, बाबा सांगेल." पलीकडच्या खाटेवर मी झोपेचं सोंग घेऊन हे ऐकलं होतं.

आता कळलं ना माझ्या तोंडचं पाणी का पळालं?

एक तासाची परीक्षा. चार फॉल्ट शोधायचे, मग जनरेटरवर दहा दिव्यांची पाटी जोडायची आणि ते दिवे दहा मिनिटं जळायला हवेत. आजोबांनी बावीस मिनिटांत चारही फॉल्ट काढले. इतके सुरेख हात चालले होते की उस्ताद चहा प्यायचं विसरले. इंजिन सुरू. दिवे लागले. आजोबांनी हात पुसले. सहाव्या मिनिटाला दिवे पिवळे झाले आणि गेले.

ते परत भिडले. नळीतली हवा काढली, फिल्टर पुन्हा उघडला. परत सुरू, परत सहा मिनिटं, परत अंधार. परीक्षक साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

मी हात वर केला. खरंच केला, माझे शेजारी साक्षीला आहेत. परीक्षक साहेब म्हणाले, "काय आहे?" सगळी शेड माझ्याकडे बघत होती. आजोबासुद्धा.

मी म्हणालो, "पाणी प्यायचंय."

साबण कोंबला ती गंमत होती. पण पाणी प्यायचंय म्हणालो ना, त्याची लाज मला अजून वाटते. म्हणून आज माईक धरलाय.

सोळा मिनिटं उरली होती. आजोबा स्टुलावर बसले, नुसते टाकीकडे बघत. परीक्षक म्हणाले, "सोडताय का?" आजोबा म्हणाले, "साहेब, एक विचारू? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?"

"हा काय प्रश्न झाला?"

"येतं साहेब, पण थोडंसंच. मग गटगट करतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडलं की मग धार लागते. नऊ वर्षं डबे फोडलेत मी."

आणि उठून त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! एवढा मोठा श्वास घेतला त्या टाकीने की बाकावर बसून मला ऐकू आला. त्यांनी झाकण उलटं केलं, खिशातून टाचणी काढली आणि माझी गोळी बाहेर.

मग दिवे लागले. पाच मिनिटं. सहा. सहाव्याला कुणी श्वास घेतला नाही. सात. आठ. दहा मिनिटं झाली तरी परीक्षक साहेब थांबा म्हणेनात, त्यांचंच घड्याळाकडे लक्ष नव्हतं. दहाच्या दहा दिवे लखलखत होते आणि आजोबा त्यांच्यासमोर असे उभे होते, जसं काही सूर्य त्यांनीच दुरुस्त केलाय. आम्ही बाकं बडवली. परीक्षेत आरडाओरडा करायचा नसतो. केला!

गोंगाट ओसरला तेव्हा परीक्षक म्हणाले, "हा पाचवा फॉल्ट यादीत नाही. कुणी लावला?"

उस्तादांनी ती गोळी उचलली आणि हुंगली. आता बराकीत सगळ्यांना सरकारी साबण मिळतो, त्याला वास असला तर विटेचा. गुलाबाच्या वासाचा साबण अख्ख्या शाळेत एकाचाच, ज्याची ताई त्याला दर महिन्याला पाठवते आणि ज्यावरून सगळे त्याला नवरी म्हणून चिडवतात. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

उस्ताद म्हणाले, "मी लावला साहेब. यादीत लिहायचा राहिला."

अठ्ठावीस वर्षं. अठ्ठावीस वर्षांत या माणसाचा साधा स्क्रू मोजायचा राहिला नाही. परीक्षकांनी रजिस्टरात लाल शाईने ओळ लिहिली: परीक्षेच्या यादीत शिक्षकाचा निष्काळजीपणा. सगळ्या नोकरीतली एकच लाल ओळ, तीही शेवटच्या महिन्यात.

संध्याकाळी मला बोलावलं. म्हणाले, "भानगड, शेडमध्ये अठरा इंजिनं आहेत. अठरा झाकणं टाचणीने साफ कर." मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही का घेतलंत अंगावर? मी आत्ता जाऊन सांगतो." तर म्हणाले, "कुणीतरी इंजिनात हात घातला होता हे कळलं की परीक्षा रद्द. सगळ्यांची. आजोबाची पण. लागलेले दिवे मी विझवू होय रे? निकालावर मुख्यालयाचा शिक्का बसेपर्यंत तोंड शिवून ठेव."

मग म्हणाले, "आणि इंजिनाने मला फसवलं नाही. तू फसवलंस. बोली इंजिनाची होती." एवढा मार खाऊन शेवटी शब्द त्यांचाच वर!

माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी वीस दिवस ठेवला. काल शिक्का बसला. हेडक्लार्क साहेबांना मी आडून आडून सहा वेळा विचारून घेतलंय, शिक्का बसलेला निकाल आता कुणालाही बदलता येत नाही. आजोबा पास ते पास. पण शिक्षकावरचा शेरा कमांडंट साहेबांना बदलता येतो. सातव्या वेळी तेही विचारलं. आणि उस्ताद उद्या घरी जाणार. म्हणजे सांगायचं तर आजच.

अरे वा, आलं रजिस्टर. कमांडंट साहेब, पान एकशे बारा. खूण म्हणून मी सकाळीच त्यात साबणाचा कागद घालून ठेवलाय. वास येईल.

साहेब पेन उघडतायत. साहेब, माझं प्रमाणपत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी ती ओळ... खोडली! काकू, खोडली! उभ्या राहा ना काकू, बघा, आडवी रेघ, सहीसकट! आता वाजवा टाळ्या, मागच्यांनो, तुम्हाला काय बूट चावतायत, हात नाहीत का? उस्ताद, अठ्ठावीस वर्षं कोरी पाटी. पट्टी ठेवा, उजेडाला धरा. केसाएवढी फट नाही.

साहेब आता मला बोटं दाखवतायत. पाच... दहा... चौदा? चौदा दिवस पातेली? मंजूर साहेब! आजोबांची जागा रिकामीच आहे. आणि प्रमाणपत्र त्यानंतर? मंजूर, मंजूर. याहून स्वस्तात मला आयुष्यात काही मिळालेलं नाही.

तर नव्या तुकडीतल्यांनो, इथे काय मिळेल ते शेवटचं सांगतो. तुम्ही मागे जे काही केलं असेल, गुरं राखली असतील, शिवणकाम केलं असेल, भांडी घासली असतील, ते घरी ठेवून येऊ नका. कधी कुठला डबा कामाला येईल सांगता येत नाही. आणि चुकलात तर हात लगेच वर करा. पाणी नंतर प्या.

कमांडंट साहेबांचे, मंचावरच्या सगळ्यांचे आभार, मला खाली न उतरवल्याबद्दल. काकूंचे आभार, हा माणूस इतकी वर्षं आम्हाला उसना दिल्याबद्दल. उस्ताद, तुमचे आभार मानायला मला शब्द येत नाहीत, अठरा झाकणं साफ आहेत, तेवढं बघून जा. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तो यादीत नसलेला फॉल्ट समजून पोटात घाला.

आणि जाता जाता, हात जोडून एक मागणं. आजोबा आज पहाटेच्या ट्रकने त्यांच्या नव्या नेमणुकीला गेले, म्हणूनच मी हे बोलू शकलो. त्या दिवशी त्यांनी उस्तादांना विचारलं होतं, पाचवा फॉल्ट मलाच का? उस्ताद म्हणाले, "चार कुणीही शोधतो. पाचवा तू शोधशील असं वाटलं म्हणून." ते ऐकून आजोबांनी घरी फोन लावला. लेकीला म्हणाले, "बाळा, ती मोकळी जागा आता भर. लिही, बाबा इंजिनं दुरुस्त करतात. आणि खाली लिही, पाचवा बिघाड फक्त बाबांना दिला होता." तिने फॉर्मवर तसंच लिहिलंय, वाकड्या अक्षरात, समासात जाऊन.

तेव्हा तुम्ही दोनशे जण आहात, दोनशेच्या दोनशे लोकांच्या पाया पडतो. मला शिव्या द्या, पातेल्याशी येऊन हसा, ताईलासुद्धा कळवा. पण आजोबांना नाही. कुणी कधी त्यांना भेटलात, आणि ते पाचव्याची गोष्ट सांगायला लागले, तर पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करा. साबणाचा स उच्चारू नका. तुम्हाला माझी शपथ आहे, कुणी सांगू नका.