समोरची गच्ची

ग्रानादाच्या अलांब्रा महालात, खिडकीपाशी आमच्याच सहलीतल्या दोघी म्हाताऱ्या.

“एउलालिया, अगं गाईड छत दाखवतोय! तू बाहेर काय बघतेस?”

“माझी गच्ची. ती बघ, लिंबाच्या झाडामागची. लेकीकडे माद्रिदला जाईपर्यंत चाळीस वर्षं तिथे कपडे वाळत घातले मी, या महालाकडे बघत.”

“आणि आत कधी आलीच नाहीस?”

“समोरच तर होता! कुठे पळून जाणार होता?”

“मग आता तरी छत बघ.”

“थांब गं. तिथल्या नव्या बाईनं चादरी वाळत घातल्यात.”

“रडतेस की काय?”

“छे! दोरी किती सैल सोडलीय बयेनं! गाईडला सांग, जेवण झालं की सगळ्यांनी माझ्यामागून यायचं. तिकडचं मी दाखवणार.”