पाटीवर एकच शब्द

(पाट्या रंगवणाऱ्याचं दुकान, सकाळची वेळ. बाईंनी घरून आणलेली फळी टेबलावर आडवी ठेवली आहे.)

पेंटर : नाही मावशी, ऐकू नीट आलं. म्हणूनच परत विचारतोय. बागेचं नाव ‘थांब’?

बाई : थांब. थला काना, वर टिंब, पुढे ब. मोठी अक्षरं काढ, रस्त्यावरून दिसायला हवीत. आणि रंग लवकर वाळणारा घे बाबा, पाच वाजता माणसं यायचीत बाग बघायला.

पेंटर : ती दारातूनच परत जातील. आधी विचारतील, कुत्रा चावरा आहे का म्हणून. अहो, बागेची नावं माझ्याकडे हवी तेवढी आहेत. गेल्याच आठवड्यात एका वकिलांना ‘नंदनवन’ करून दिलं. दोन कुंड्या आहेत त्यांच्या गॅलरीत.

बाई : सूनबाई म्हणत होती, ‘हिरवाई’ ठेवा. मुलाला वडिलांचं नाव हवं होतं. त्याला म्हटलं, वडील समोर चहा पितायत, त्यांना पाटीवर कशाला चढवतोस? दोघांना तिथंच सोडलं आणि फळी काखोटीला मारून तडक इकडे आले.

पेंटर : पण ‘थांब’ आलं कुठून?

बाई : कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं सलून माहीत आहे तुला?

पेंटर : माझी पहिली दाढी तिथंच झाली, मावशी. ते काका बोलायला लागले की घाईतला माणूस घाई विसरायचा. अलीकडे बंदच दिसतं.

बाई : ते काका म्हणजे आमचे हे. दोन वर्षं झाली. एका गिऱ्हाइकाचे केस अर्धे कापून झाले होते आणि हातातली कात्री खाली पडली. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या तोंडाला कुलूप नव्हतं, तो मुका झाला. हळूहळू काठी घेऊन चालायला लागले, पण शब्द काही येईना. डॉक्टरीणबाई यायच्या, चित्रं दाखवायच्या, हे मांजर, हे घड्याळ. हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. लाज वाटायची रे त्यांना. गिऱ्हाइकं भेटायला आली की झोपेचं सोंग घ्यायचे. फोन वाजला तर खोलीतून उठून जायचे. आजतागायत फोन हातात धरला नाही त्यांनी.

पेंटर : मला कल्पनाच नव्हती.

बाई : घरामागे आमची अडगळ होती. सलूनच्या मोडक्या खुर्च्या, फुटके आरसे, गुडघ्याएवढं गवत. एक दिवस मलाच घरात कोंडल्यासारखं झालं. त्यांना खुर्चीसकट मागे नेऊन बसवलं, म्हटलं बसा उन्हात, आणि लागले गवत उपटायला. तीन आठवडे रोज तेच चाललं होतं. चौथ्या आठवड्यात भिंतीपाशी एक वेल दिसला. मला वाटलं रानटीच असेल. मुठीत धरला, ओढणार, तेवढ्यात मागून आवाज आला, “थांब.”

पेंटर : काका?

बाई : मी आधी शेजारच्यांकडे पाहिलं. मग मागे वळले तर हे अर्धे उठलेले, काठी माझ्याकडे रोखलेली. अरे, तो भोपळ्याचा वेल होता. मी पाणी आणायला गेले की काठीनं मातीत भोक पाडायचं आणि डाव्या हातानं बी टाकायचं, असा यांचा उद्योग. सहा महिन्यांत पहिला शब्द, तोही वेलासाठी. बायकोसाठी नाही.

पेंटर : तुम्ही काय केलंत?

बाई : मातीतच बसले आणि रडले. पुढे चार दिवस प्रत्येक गोष्टीला ‘थांब’. चहा हवा, थांब. आंघोळ नको, थांब. डॉक्टरीणबाईंनाही थांब. त्या इतक्या खूश झाल्या की खरंच तासभर थांबल्या. मग ‘पाणी’ आलं, ‘ऊन’ आलं. आता तिथं टोमॅटो आहेत, गुलाब आहेत, आणि त्याच भोपळ्याच्या बियांपासून आलेल्या वेलानं अख्खी भिंत झाकलीय. आज पहिल्यांदाच त्यांनी आपणहून जुन्या गिऱ्हाइकांना बोलवायला सांगितलंय.

पेंटर : मावशी, एक विचारू? राग मानू नका. काकांना माहीत आहे हे नाव?

बाई : नाही. पाटी एकदम दाखवणार आहे.

पेंटर : माझे वडील लहानपणी अडखळत बोलायचे. पुढे सगळं सुधारलं, पण घरात कुणी कौतुकानं जरी त्यांची नक्कल केली तरी ताटावरून उठायचे. काकांना हा शब्द गोड वाटतो की त्या दिवसांची आठवण करून देतो, ते त्यांनाच विचारायला हवं. चार लोकांसमोर त्यांचं तोंड उतरलं तर?

बाई : हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आपली आनंदात नाचत सुटले. पण आता परत जाऊन विचारून यायचं म्हणजे पाटी वाळायची कधी?

पेंटर : घरी फोन लावा.

बाई : सांगितलं ना, ते घेत नाहीत. मुलगा आणि सून कामावर गेली असतील. वाजून वाजून बंद होईल.

पेंटर : लावून तर बघा. तोवर मी हात लावत नाही फळीला.

बाई : बघ, वाजतोय नुसता. म्हटलं ना तुला, ते काही... कोण? कोण बोलतंय?

फोनवरचा आवाज : मी.

बाई : अहो, तुम्ही? तुम्ही उचललात? बरं वाटतंय ना?

फोनवरचा आवाज : तू... कुठे?

बाई : पेंटरकडे. ऐका, बागेची पाटी करतेय. त्यावर ‘थांब’ लिहायचं म्हणते. तुमचा शब्द. आवडत नसेल तर तसं सांगा, मी रुसणार नाही. अहो? ऐकताय ना?

फोनवरचा आवाज : नको.

बाई : बरं. नको तर नको. राहू दे.

फोनवरचा आवाज : नाही... ऐक. थांब... ते तुला. घरातलं. लोकांना... थांबा. थांबा, म्हणावं. बसा... म्हणावं.

बाई : ‘थांबा’ लिहू?

फोनवरचा आवाज : हं. माणसं... मोठी. मान... हवा.

पेंटर : कळलं मावशी. बला काना. लगेच घेतो लिहायला.

फोनवरचा आवाज : आणि... पाच खुर्च्या... कमी. शेजारून... आणू?

बाई : पेंटर, सावकाश लिही. ते अजून बोलतायत.